कुंपणाची राखण
(वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणापाशी मागावी, हा प्रश्न आपल्याकडील निरक्षर शेतकरीही पिढ्यान् पिढ्या विचारीत आला आहे. मठ, धर्मशाळा, अन्नछत्र, अनाथाश्रम अशी कोणतीही संस्था घेतली तरी ती परक्याच्या विश्वासावर उभी असते. देणारा देऊन मोकळा होतो, घेणारा बहुधा दुबळा असतो, आणि मग मधल्या हातांवर सारे अवलंबून राहते. त्या मधल्या हातांवर कोणी लक्ष ठेवावे, आणि लक्ष ठेवणाऱ्याने आपले काम कोणत्या रीतीने करावे, ह्याचा विचार करण्यास आजचा दिवस अनुचित ठरू नये. विषय मात्र दूरदेशीचा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बौद्धिक विकलांगता असलेल्या माणसांसाठी ज्या संस्था चालतात, त्यांच्या नीतीची व नियमपालनाची राखण कशी घडत गेली, आणि क्लॅरेन्स सुंड्रम ह्या वकिलाने त्या कामात आपले आयुष्य कसे घातले, त्याची ही हकीकत आहे.

ह्या हकीकतीचा आरंभ एका किल्लीपासून होतो.

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड ह्या बेटावर विलोब्रुक नावाची सरकारी शाळा होती. शाळा हे नुसते नाव. १९४७ पासून तेथे बौद्धिक विकलांगता असलेली मुले आणि माणसे आणून ठेवीत. त्या काळी त्यांना मतिमंद म्हणत. तो शब्द आज मागे पडला आहे, आणि पडला हेच बरे. चार हजारांच्या जागेत १९६५ पर्यंत सहा हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली होती. त्याच वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी ह्यांनी तेथे भेट दिली आणि बाहेर येऊन त्या जागेची तुलना सापांच्या विवराशी केली. वृत्तपत्रांत मोठे मथळे आले, थोडी हळहळ झाली, आणि सारे पूर्ववत् चालू राहिले. पुढे १९७० नंतर राज्याने खर्चकपात आरंभिली, नोकरभरती थांबली, आणि एकेका सेविकेच्या वाट्याला चाळीसपन्नास मुले येऊ लागली. चाळीस मुलांना एका जेवणाच्या वेळात भरवावयाचे म्हणजे काय, ह्याची कल्पना ज्या मातेने एका मुलाला भरविले आहे तिला सहज करता येईल.

तेथेच १९५६ पासून पुढे बरीच वर्षे काविळीच्या साथीवर संशोधन चालले होते. डॉ. सॉल क्रुगमन व त्यांचे सहकारी तेथे आणलेल्या काही मुलांना मुद्दाम त्या रोगाचा संसर्ग देत. शास्त्रीय दृष्ट्या त्यांतून पुष्कळ ज्ञान मिळाले, हे नाकारता येत नाही. आईबापांची लेखी संमतीही घेतली जात असे. परंतु एक वेळ अशी आली की, संस्थेत जागा नाही म्हणून मुलांना परत पाठविले जात होते आणि ह्या संशोधनाच्या कक्षात मात्र जागा मिळत होती. घरी थकून गेलेल्या आईपुढे तो कागद ठेवला म्हणजे तिची सही येणारच! कागद नियमाप्रमाणे, सही नियमाप्रमाणे, आणि तरीही ती संमती नव्हे. नियम पाळला गेला म्हणजे नीती पाळली गेली असे नाही, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

विलोब्रुकमध्ये मायकेल विल्किन्स नावाचे एक तरुण डॉक्टर होते. मुलांची दशा पालकांना उघड सांगावी, त्यांना संघटित करावे, असा उद्योग त्यांनी आणि एलिझाबेथ ली ह्या समाजसेविकेने मांडला. जानेवारी १९७२ मध्ये दोघांनाही कामावरून दूर करण्यात आले. विल्किन्स ह्यांच्यापाशी एका इमारतीची किल्ली राहून गेली होती. त्यांनी जेराल्डो रिव्हेरा ह्या दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला बोलावून घेतले आणि सहा क्रमांकाच्या इमारतीचे दार उघडून दिले. दिवाबत्ती पुरेशी नसलेल्या त्या दालनांत उघडी, घाणीत बसलेली मुले लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिली. सात वर्षांपूर्वी एका सिनेटराच्या शब्दांनी जे झाले नाही ते ह्या चित्रांनी झाले. त्या दिवसांत रिव्हेरा ह्यांच्याशी बोलणाऱ्यांत बर्नार्ड काराबेलो हा एकवीस वर्षांचा तरुण होता. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे बोलणे अडखळत असे. एवढ्यावरून तीन वर्षांच्या त्या मुलाला बुद्धिहीन ठरवून आत टाकले होते, आणि अठरा वर्षे तो तेथे राहिला. पुढे तो स्वतःच विकलांगांच्या हक्कांचा पुरस्कर्ता झाला.

१९७२ च्या मार्च महिन्यात पालकांनी व त्यांच्या बाजूच्या संघटनांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती ऑरिन जड ह्यांच्यापुढे तो तीन वर्षे चालला आणि १९७५ साली नवे गव्हर्नर ह्यू कॅरी ह्यांनी संमतीच्या हुकुमनाम्याला मान्यता दिली. त्या हुकुमनाम्याने सुमारे ५,४०० माणसांचे हक्क ठरविले. त्यांना लहान घरांत, वस्तीत, शेजारपाजार असलेल्या ठिकाणी नेऊन वसवावयाचे आणि विलोब्रुकची खाटांची संख्या २५० पर्यंत उतरवावयाची, असे ठरले. हे सारे होते की नाही ते पाहण्यास सात जणांचे एक पंचमंडळ नेमण्यात आले.

ह्या पंचमंडळाचे पुढे काय झाले ते ऐकण्याजोगे आहे. ते चोख काम करीत होते, म्हणून नकोसे झाले. १९८० साली राज्याच्या विधिमंडळाने त्याचा खर्च मंजूर करण्याचे नाकारले आणि पंचमंडळ संपुष्टात आले. राखणदाराला कोणी मारले नाही की हाकलले नाही. त्याची भाकरी बंद केली, एवढेच. ज्याच्यावर लक्ष ठेवावयाचे त्याच्याच हातून वेतन घ्यावयाचे, ही ह्या व्यवसायाची जन्मजात अडचण आहे, आणि ह्या हकीकतीत ती पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

क्लॅरेन्स सुंड्रम हे त्या काळी गव्हर्नर कॅरी ह्यांच्या कायदेविषयक कार्यालयात तरुण वकील होते. न्यायालयाने लादलेली देखरेख आज ना उद्या जाणार. तेव्हा राज्याने आपण होऊन एक स्वतंत्र राखणदार उभा करावा, असा विचार तेथे झाला आणि १९७७ च्या कायद्याने मानसिक विकलांगांच्या सेवेच्या दर्जावर लक्ष ठेवणारा एक आयोग स्थापन करण्यात आला. १९७८ मध्ये सुंड्रम त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९९८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, त्या जागेवर राहिले. ज्या जागेवर बसून रोज कोणाला तरी दुखवावे लागते तेथे वीस वर्षे टिकणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आयोगाच्या हाती तलवार नव्हती. शिक्षा करण्याचा अधिकार मुख्यत्वेकरून इतरांकडे होता. त्याला तीन गोष्टी मिळाल्या होत्या: कोणत्याही संस्थेत प्रवेश, कोणताही कागद पाहण्याचा हक्क, आणि जे दिसले ते प्रसिद्ध करण्याची मुभा. विल्किन्स ह्यांच्या खिशात चुकून राहिलेली किल्ली आता कायद्याने एका कचेरीच्या हाती आली, असेच म्हणावे. संस्थांत राहणाऱ्यांपैकी कोणी मरण पावले की त्याची वर्दी आयोगाकडे येई आणि डॉक्टरांचे एक मंडळ संशयास्पद मृत्यूंची छाननी करी. हे मंडळ खुनी शोधीत बसत नसे. औषध कोणी दिले, घशात घास अडकला तेव्हा जवळ कोण होते, दुखते आहे हे सांगता न येणाऱ्या माणसाचे दुखणे किती दिवस कोणाच्या ध्यानात आले नाही, असे साधे प्रश्न ते विचारी. पुष्कळसे मृत्यू क्रौर्याने होत नाहीत, दुर्लक्षाने होतात. आणि दुर्लक्षाचा पुरावा बहुधा कागदावर राहतो, किंवा जो कागद असावयास हवा होता तो नाही, ह्यात राहतो.

इकडे विलोब्रुक रिकामे होत गेले आणि १९८७ साली बंद झाले. तेथून निघालेल्या माणसांची सोय पुष्कळ अंशी नफा न घेणाऱ्या खासगी सेवासंस्थांनी केली. ह्यांतील कित्येक संस्था पालकांनीच, आपल्या मुलांसाठी, पदरमोड करून काढलेल्या होत्या. परंतु चार आयांनी चर्चच्या तळघरात सुरू केलेली शाळा वीस वर्षांत शेकडो नोकर आणि डझनावारी घरे असलेली संस्था होते, तेव्हा तिचे रूप पालटते. त्यांतून पैसा देणारे सरकार. १९६५ साली अमेरिकेत मेडिकेड नावाची गरिबांच्या औषधोपचाराची योजना निघाली. १९८१ साली तिच्यात अशी सवलत झाली की, मोठ्या रुग्णालयवजा संस्थांऐवजी वस्तीतील घरांत दिलेल्या सेवेसाठीही ते पैसे मिळावे. योजना चांगली. पण जेथे सेवेच्या प्रत्येक दिवसाचे, प्रत्येक घटकेचे पैसे मोजून मिळतात तेथे न दिलेल्या सेवेची नोंद करण्याचा मोहही उत्पन्न होतो.

सुंड्रम ह्यांच्या आयोगाने १९८६ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. नफा न घेणाऱ्या सेवेतील नफाखोरी, असेच त्याचे शीर्षक होते. ह्या प्रकाराची तऱ्हा ठरलेली असते. संस्था धर्मादाय, पण तिची इमारत ज्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली असते ती संचालकाच्याच घरची. भाडे बाजारभावाहून जास्त, सामानाचे मक्ते मेहुण्याकडे, मोटार संस्थेच्या खर्चाने. वर्षअखेरीच्या ताळेबंदात नफा शून्य दिसतो, आणि तो खराच शून्य असतो, कारण तो आधीच दुसऱ्या वाटेने निघून गेलेला असतो. आपल्याकडे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थांच्या कायद्याने हिशेबतपासणी सक्तीची केली, ती अशाच अनुभवांमुळे; तेव्हा हा रोग काही एकाच देशाचा नव्हे.

आता आयोगाची कचेरी सोडून प्रत्यक्ष संस्थेच्या दारात येऊ. आज अमेरिकेत विकलांगांची सेवा करणाऱ्या बहुतेक मोठ्या संस्थांत नीती व नियमपालन ह्यांचा एक स्वतंत्र अधिकारी असतो. हे पद काही साधुत्वाच्या प्रेरणेने निघाले नाही, कायद्याच्या धाकाने निघाले, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ह्यातील सर्वांत जुना कायदा अब्राहम लिंकन ह्यांच्या काळचा, १८६३ चा आहे. यादवी युद्धात मक्तेदार सैन्याला निकृष्ट माल पुरवून सरकारकडून पूर्ण दाम घेत. त्यांना आळा घालण्यासाठी असे ठरले की, ज्याला ही लबाडी ठाऊक असेल त्या खासगी माणसानेही सरकारच्या वतीने दावा लावावा आणि वसुलीतील वाटा घ्यावा. १९८६ साली ह्या कायद्याला धार आणण्यात आली. लबाडीच्या रकमेची तिप्पट भरपाई, दावा लावणाऱ्याला पंधरा ते तीस टक्के वाटा, आणि त्याला नोकरीवरून काढल्यास त्याबद्दल वेगळी दाद. पुढे १९९१ साली संस्थांना शिक्षा देण्याचे नियम ठरले. ज्या संस्थेत गैरवर्तन आधीच हुडकण्याची खरीखुरी व्यवस्था असेल तिचा दंड कमी व्हावा, असे त्यांत म्हटले होते. न्यूयॉर्क राज्याने २००६ नंतर मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या बहुतेक संस्थांना अशी व्यवस्था ठेवणे सक्तीचेच केले. २०१० साली आणखी एक नियम आला: अधिक पैसे घेतले गेले असे ध्यानात आल्यापासून साठ दिवसांत ते परत करावयाचे, न केले तर मूळची चूकही लबाडी ठरते.

ह्या पदावर येणारी माणसे कोठून येतात? कोणी वकील असतात, कोणी हिशेबतपासनीस, कोणी परिचारिका. परंतु जाणत्यांचा अनुभव असा की, ज्यांनी आरंभी त्या घरांत रात्रपाळी केली, माणसांना आंघोळ घातली, औषधांच्या गोळ्या मोजल्या, ते ह्या कामात अधिक उपयोगी पडतात. कारण त्यांना कागद वाचता येतो तसा कागदामागचा हातही वाचता येतो. तीस दिवसांच्या तीस नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाने, एकाच शब्दांत लिहिलेल्या दिसल्या की त्या महिनाअखेरीस एका बैठकीत लिहिल्या गेल्या, हे ओळखण्यास कायद्याची पदवी लागत नाही. जो माणूस चार दिवस रुग्णालयात होता त्याच्या नावे त्याच चार दिवसांचे घरातील सेवेचे पैसे मागितलेले सापडतात. कधी ती लबाडी असते. पुष्कळदा नुसता कारकुनी निष्काळजीपणा. दोन्ही ठिकाणी पैसे परतच करावयाचे, पण माणसाशी वागावयाचे मात्र निरनिराळ्या रीतीने, आणि हा विवेक ज्याला नाही त्याने हे पद घेऊ नये.

खऱ्या कसोटीचा प्रसंग पैशाचा नसतो. एका घरात राहणाऱ्या वृद्धाला मधुमेह आहे आणि त्याला रोज गोड खावयाचे आहे. त्याला अडविले तर तो सज्ञान माणूस असताना त्याचे स्वातंत्र्य हिरावले. न अडविले तर त्याच्या प्रकृतीची हेळसांड केली. दोन्हींकडून तक्रार होऊ शकते आणि दोन्ही तक्रारींना नियमाचा आधार आहे. एका तरुणीला आपल्या मित्राबरोबर राहावयाचे आहे. तिला ह्या गोष्टीची समज किती, आणि ती समज ठरविणारा कोण? एकाला एकट्याने बसने बाजारात जावयाचे आहे, आणि रस्ता चुकण्याची भीती आहे. सुंड्रम ह्यांनी १९९४ साली ह्याच विषयावर अनेक लेखकांचा एक ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. निवड आणि जबाबदारी हे दोन शब्द त्याच्या शीर्षकात आहेत. विलोब्रुकच्या भिंतींत माणसाला कसलीच निवड नव्हती, म्हणून पुढच्या पिढीने निवडीचा जयघोष केला. परंतु त्याने ते निवडले, असे म्हणून जबाबदारी झटकण्याची सोयही त्याच जयघोषात होती. घाणीत बसलेल्या माणसाविषयी, आंघोळ करावयाची नाही अशी त्याची इच्छा होती, अशी नोंद करणारा नोकर स्वातंत्र्याचा पूजक नव्हे. ही मेख ज्यांनी वेळीच ओळखली त्यांत सुंड्रम होते.

दुसरी गोष्ट तक्रारींच्या संख्येची. प्रत्येक संस्थेत अपघात, मारहाण, औषधाची चूक, हरवलेले पैसे ह्यांची वर्दी देण्याचा नियम असतो आणि त्या वर्द्यांचा महिनावार तक्ता नियामक मंडळापुढे जातो. ज्या घराच्या रकान्यात वर्षभर शून्य आहे त्या घराचे अभिनंदन करावे, असे सभासदांना वाटते. अनुभवी अधिकारी पहिल्या प्रथम त्याच घरी जातो. दहा माणसे राहतात तेथे वर्षात एकही घसरत नाही, एकही गोळी चुकत नाही, एकही भांडण होत नाही, हे संभवनीय नाही. तेथे चुका होत नसतात असे नव्हे, तेथे बोलण्याची भीती असते. अशा घरी दिवसा कचेरीच्या वेळी जाऊन उपयोग नसतो. रात्री अकरानंतर किंवा रविवारी सकाळी जावे लागते, आणि पहिला प्रश्न व्यवस्थापकाला न विचारता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सर्वांत नव्या नोकराला विचारावा लागतो.

त्या नोकराचीही बाजू आहे. ह्या घरांतील सेवकांना वेतन थोडे, पाळ्या लांब, आणि माणसे सतत सोडून जात असल्यामुळे एकाला दोघांचे काम. दोन पाळ्या लागोपाठ करून थकलेल्या माणसाने हात उगारला तर त्याला दोष आहेच. पण ती दुसरी पाळी त्याच्यावर कोणी घातली? खालच्या माणसाला काढून टाकून प्रकरण मिटविणे सर्वांना सोयीचे असते, आणि नियमपालनाचा अधिकारी जर वरच्या मजल्याकडे बोट दाखवू लागला तर त्याच्या स्वतःच्या खुर्चीचे पाय हलू लागतात. म्हणूनच नियमात अशी तरतूद करावी लागली की, ह्या अधिकाऱ्याने आपला अहवाल थेट नियामक मंडळापुढेही ठेवावा. ती तरतूद कागदावर सर्वत्र आहे. मंडळाच्या सभेत त्याला शेवटची पाच मिनिटे मिळतात की पहिला अर्धा तास मिळतो, ह्यावरून संस्थेची परीक्षा होते.

आयोगाचे अध्यक्षपद सोडल्यावर सुंड्रम स्वस्थ बसले नाहीत. राजधानी वॉशिंग्टनच्या कारभाराखाली, शहराबाहेर, फॉरेस्ट हेवन नावाची विलोब्रुकचीच बहीण शोभेल अशी संस्था होती. १९७६ साली तिच्याविरुद्ध दावा लागला आणि १९९१ साली ती बंद झाली. तेथील माणसे शहरातील लहान घरांत गेली, आणि आता सारे ठीक झाले असे समजून लोक विसरून गेले. १९९९ साली कॅथरिन बू ह्या लेखिकेने वॉशिंग्टन पोस्ट पत्रात त्या घरांची हकीकत छापली तेव्हा कळले की, १९९३ पासून तेथे ११६ माणसे मरण पावली होती आणि त्यांच्या मृत्यूंची नीट चौकशी म्हणून झालीच नव्हती. (ह्याच बाईंनी पुढे मुंबईत अण्णावाडीच्या झोपडपट्टीत काही वर्षे घालवून २०१२ साली एक गाजलेला ग्रंथ लिहिला.) मोठी भिंत पाडून शंभर लहान भिंती बांधल्या तर डोळ्याआड होणे अधिकच सोपे होते, हा धडा फार महागात मिळाला. त्या दाव्यात न्यायालयाने ज्यांना देखरेखीवर नेमले त्यांत सुंड्रम होते. हुकुमनामा, त्याचा भंग, नवी योजना, पुन्हा भंग, अशी ती साडेसाती चालता चालता २०१७ च्या जानेवारीत, चाळीस वर्षांनी, तो दावा निकालात निघाला.

इकडे न्यूयॉर्कमध्ये काय चालले होते? २००७ साली जोनाथन कॅरी हा तेरा वर्षांचा, बोलू न शकणारा मुलगा, सरकारी संस्थेच्या नोकरांनी फिरावयास नेलेल्या गाडीत, त्यांच्याच हातांखाली दाबला जाऊन मरण पावला. नोकर त्यानंतरही काही काळ खरेदीची कामे उरकीत हिंडत होते. मुलाच्या हयातीत त्याच्या छळाची कागदपत्रे आईबापांनी मागितली होती आणि ती त्यांना नाकारण्यात आली होती. त्याच वर्षी त्याच्या नावाचा कायदा होऊन पालकांना अशा नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सने लेखमाला प्रसिद्ध केली. २००९ मध्ये छळाच्या सुमारे १३,००० तक्रारी झाल्या, त्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी पोलिसांपर्यंत पोहोचल्या. आणि दहा वर्षांत १,२०० हून अधिक मृत्यू, म्हणजे एकंदर मृत्यूंच्या सहावा हिस्सा, अनैसर्गिक किंवा अज्ञात कारणांनी झाले, असे त्या पत्राने दाखवून दिले. त्याच वर्षी तेथील एका मोठ्या धर्मादाय सेवासंस्थेने खर्चाच्या खोट्या नोंदींच्या आरोपावरून १ कोटी ८० लक्ष डॉलर भरून तडजोड केली. अशा संस्थांच्या प्रमुखांची वेतने ऐकून लोकांना इतका विस्मय वाटला की, सरकारी पैशातून १,९९,००० डॉलरहून अधिक वार्षिक वेतन घेता येऊ नये, असा हुकूम गव्हर्नर अँड्र्यू कुओमो ह्यांनी २०१२ साली काढला.

त्या गदारोळात गव्हर्नरांनी बोलावून घेतले ते सुंड्रम ह्यांनाच. आयोग स्थापन झाला तेव्हाचा तरुण वकील आता वृद्ध झाला होता, आणि आपण वीस वर्षे राखलेल्या शेताची नासधूस पुन्हा मोजण्याचे काम त्याच्याकडे आले. ह्यातील कटुता सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात आढळले ते असे की, एकाच राज्यात एकच कृत्य एका खात्याच्या नियमाने छळ ठरे आणि दुसऱ्या खात्याच्या नियमाने किरकोळ बाब. तक्रार कोठे करावयाची, चौकशी कोणी करावयाची, किती पुरावा पुरेसा मानावयाचा, हे प्रत्येक खात्यात वेगळे. एका ठिकाणी दोषी ठरून काढलेला नोकर दुसऱ्या ठिकाणी सुखाने कामाला लागे. ह्या अहवालावरून कायदा झाला आणि ३० जून २०१३ रोजी जस्टिस सेंटर नावाची नवी संस्था उघडली. एकच व्याख्या, अहोरात्र उघडे असलेले एकच तक्रारकेंद्र, आणि गंभीर अपराध केलेल्यांची एकच यादी, की जिच्यात नाव आलेल्यास पुन्हा अशा माणसांजवळ नोकरी मिळू नये.

ह्या नव्या राखणदाराविषयीही सर्वांचे समाधान झालेले नाही. मृत मुलाच्या पित्यानेच त्याच्यावर कडक टीका केली. सेवकांच्या संघटनांची गाऱ्हाणी उलट दिशेची होती. २०२१ साली तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या संस्थेच्या विशेष अभियोक्त्याला स्वतंत्रपणे फौजदारी खटले चालविण्याचा दिलेला अधिकार घटनाबाह्य ठरविला. तो अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या जिल्हा अभियोक्त्यांचा, असा निवाडा झाला. म्हणजे तलवार पुन्हा काढून घेतली गेली, आणि किल्ली, कागद व बोलण्याची मुभा, ही जुनीच हत्यारे हाती उरली.

विलोब्रुकच्या जागेवर आज महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडलेल्यांचे हक्क १९९३ च्या कायमच्या हुकुमाने त्यांच्या आयुष्यभरासाठी बांधून देण्यात आले: वीस माणसांमागे त्यांची काळजी वाहणारा एक कार्यकर्ता, दर वर्षी प्रत्येकाच्या स्थितीचे परीक्षण. ज्यांना आईबाप, भाऊबहीण कोणीही उरले नाही, त्यांच्या वतीने बोलण्यास १९७५ च्या हुकुमनाम्यानेच एक मंडळ नेमले होते. त्या ५,४०० पैकी बहुतेक आता काळाच्या पडद्याआड गेले आहेत, जे आहेत ते वृद्ध आहेत. त्यांतील कोणाच्या शस्त्रक्रियेचा, घर बदलण्याचा प्रश्न निघाला आणि त्याला विचारणारे आप्त कोणी नसले, की त्याचा कागद ह्या मंडळापुढे येतो, आणि त्यांतील शेवटचा माणूस हयात असेपर्यंत तो येत राहावयाचा आहे.